दोन बोल्टांचं कव्हर



गेल्या ऑक्टोबरात आमचा छोटा ट्रॅक्टर तीन वेळा दुरुस्त झाला. तिन्ही वेळा दुखणं एकच, पीटीओपाशी तेल गळणं. त्या निमित्ताने दुरुस्ती या शब्दाबद्दल डोक्यात जे आलं ते लिहितो. ज्यांना यंत्रांचा कंटाळा आहे त्यांनीही वाचावं, कारण गोष्ट शेवटी यंत्राची उरत नाही.

आपल्यातले बरेच जण शेतापासून लांब गेले आहेत, म्हणून आधी पीटीओ म्हणजे काय ते सांगतो. (शेतीवाल्यांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडावा.) ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी दांडा बाहेर आलेला असतो. जाडी साधारण 35 मिलिमीटर, अंगावर सहा खाचा. इंजिनाची ताकद या दांड्यावाटे मागच्या अवजाराला मिळते. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 1918 साली असा दांडा असलेला ट्रॅक्टर बाजारात आणला, आणि पुढे मिनिटाला 540 फेरे हा त्याचा वेग जगभर रूढ झाला. आमच्याकडे द्राक्षबागेत या दांड्याला जोडशाफ्ट लावतात. शाफ्टचं दुसरं टोक फवारणीच्या ब्लोअरला. मग ब्लोअरचा पंपही फिरतो आणि पंखाही.

आता ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस डोळ्यांपुढे आणा. कोवळी फूट बाहेर पडलेली, वर ढग, रात्री पाऊस आणि सकाळी दव. डावणी यायला याहून चांगलं हवामान नाही. अशा वेळी फवारणी एक दिवस हुकली तर घड जातात, आणि घड गेले की वर्ष जातं. त्यामुळे ट्रॅक्टर गॅरेजात उभा असला की आमचा पुतण्या जेवत नाही, नुसता ताटात बोटं फिरवत बसतो.

पहिल्यांदा तालुक्याच्या गॅरेजात नेला. त्यांनी ऑइल सील बदललं आणि दोन तासांत परत दिला. तीन आठवडे बरे गेले. मग पुन्हा थेंब, पुन्हा नवं सील. ते दहा दिवस टिकलं. आमच्या ट्रॅक्टरात गिअरचं, हायड्रॉलिकचं आणि पीटीओचं तेल एकच, त्यामुळे गळती वाढली तशी लिफ्टही कुरकुरायला लागली. ‘सीलच आजकाल डुप्लिकेट येतात’ असं ऐकवून त्यांनी आमची बोळवण केली.

तिसऱ्या वेळी शेजारच्या गावातला मिस्त्री घरी बोलावला. हा सातवीत माझ्या वर्गात होता. शुद्धलेखनात कायम काठावर पास, पण त्या दिवशी त्याने मला जे शिकवलं ते मी त्याला कधी शिकवू शकलो नव्हतो. त्याने पाना हातात घेण्याआधी दांडा मुठीत धरला आणि वर-खाली हलवून पाहिला. दांडा हलला. ‘‘सर, सील काय करील? बेअरिंग गेलंय. दांडाच डुलतोय.’’

तेवढ्यावर तो थांबला नाही. बेअरिंग का गेलं हे त्याला हवं होतं. ब्लोअर जोडलेलाच ठेवून त्याने पुतण्याला ट्रॅक्टर जागच्या जागी वळवायला सांगितला, जसा ओळीच्या टोकाला वळवतात तसा. जोडशाफ्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. वळताना त्या आत सरकतात. आमच्या नळ्या पूर्ण आत जाऊन टेकत होत्या, आणि पुढे जागा नसल्यामुळे तो सगळा रेटा ट्रॅक्टरच्या दांड्यावर, म्हणजे बेअरिंगवर बसत होता. ब्लोअर नवा घेतला तेव्हा शाफ्ट आमच्या छोट्या ट्रॅक्टरच्या मापाने कापून घ्यायला हवा होता. तो कोणी कापलाच नव्हता. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक धक्का, एकरभरात किती ओळी, दिवसाला किती एकर... हिशेब तुम्हीच करा.

मग दोन्ही नळ्या सारख्या मापाने कापल्या, कानशीने कडा घासल्या, ग्रीस लावलं. बेअरिंग नवं. दांड्यावर जुन्या सीलने घासून एक बारीक वळ पाडला होता, म्हणून नवं सील त्याने दोनेक मिलिमीटर आत बसवलं, म्हणजे त्याचा ओठ कोऱ्या जागेवर टेकेल. सील सरकवताना खाचांच्या धारेने ते चिरू नये म्हणून दांड्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. साध्या गोष्टी, पण मला बघत राहावंसं वाटलं.

इथवर दुरुस्ती कशी असावी याचा हा धडाच होता. पुढचं लिहायला मात्र जड जातं.

‘‘द्या पीटीओ,’’ मिस्त्री म्हणाला. पुतण्याने इंजिन सावकाश ठेवून पीटीओ दिला. तेल येतं का ते बघायला आम्ही दोघंही वाकलो. माझ्या खांद्यावर पंचा होता. तो कधी गेला ते मला कळलं नाही. खांदा एकदम हलका झाला एवढंच जाणवलं, आणि समोरच्या शाफ्टवर एक पांढरं बोंडकं गरगरत होतं. पुतण्या ओरडला, ‘‘नाना!’’ त्याने क्लच दाबला, तरी पंख्याच्या वजनाने शाफ्ट थोडा वेळ फिरतच राहिला.

पंचा खांद्यावर नुसता टाकलेला होता. महिनाभर उशीर झाला असता तर थंडी पडली असती, आणि थंडीत मी मफलर गळ्याला गाठ मारून घालतो.

रात्री झोप आली नाही. गणित हा माझा विषय नव्हे, पण वहीवर मांडलं. सगळ्यात बारीक जागी, खुद्द दांड्याची जाडी 35 मिलिमीटर धरली. त्याला 22 ने गुणून 7 ने भागलं की घेर येतो 110. मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9. 110 गुणिले 9 बरोबर 990. म्हणजे सेकंदाला जवळजवळ मीटरभर कापड. इंजिन सावकाश होतं म्हणून निम्मं धरा. माझा दीड मीटरचा पंचा तीन सेकंदांत संपला. फवारणीच्या वेळी इंजिन सावकाश नसतं. आणि साडी किती मीटरची असते ते सांगायला नको.

साडीचं मुद्दाम लिहितो. ब्लोअरच्या टाकीत औषध मिसळताना पीटीओ चालूच ठेवतात, कारण पंपातून परत येणारं पाणीच टाकी ढवळतं. बादली घेऊन मागे जाणारी बहुतेक वेळा बाईमाणूस. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला स्कार्फ. ट्रॅक्टर आणि टाकी यांच्यामधून पलीकडे जायचं तर फिरता शाफ्ट ओलांडायचा. आमची सूनबाई दोन वर्षं तो ओलांडत होती, आणि मी ओट्यावर पेपर वाचत होतो.

कारण आमच्या ट्रॅक्टरला कव्हर होतं! दांड्यावर पत्र्याची टोपी होती आणि शाफ्टवर प्लास्टिकची नळी. शाफ्ट जोडताना हात आत जात नाही म्हणून पत्रा काढला. प्लास्टिक उन्हाने तडकलं म्हणून फेकलं. पत्रा दोन वर्षं कांदाचाळीमागे पडून होता, त्याचे दोन बोल्टही त्यालाच लटकत होते. चौतीस वर्षं मी पोरांची नखं तपासली. हा पत्रा मला रोज दिसायचा आणि मी काही बोललो नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की कव्हर बसेपर्यंत दुरुस्ती झाली असं म्हणूच नये. तिन्ही वेळच्या बिलांत सील आहे, बेअरिंग आहे, तेल आहे, मजुरी आहे. कव्हर एकाही बिलात नाही. ते कुठे आहे असं विचारलंही नाही कोणी, ज्याचं मी वर इतकं कौतुक केलं त्या माझ्या विद्यार्थ्यानेसुद्धा. चाक बदलून नट न आवळता गाडी परत दिली तर आपण मिस्त्रीला घरी जाऊ देऊ का?

त्याचंही म्हणणं मी ऐकलं. ‘‘सर, मी बसवतो, चार दिवसांत लोक काढून ठेवतात. ग्रीस मारायला अडचण होते.’’ खोटं नाही. बनवणाऱ्यांनी हात जाईल एवढी जागा ठेवावी, आपल्या उन्हात टिकेल असं प्लास्टिक वापरावं, हेही खरंच. सरकारने 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला, तो मळणी यंत्रात हात गेलेल्या लोकांमुळे. पण कायद्याचा माणूस आमच्या बांधावर येणार नाही. बांधावर येतो तो मिस्त्री, आणि फवारणी अडलेली असताना त्याचा शब्द कोणी मोडत नाही. ‘‘कव्हर आणा, मगच पीटीओ देतो’’ असं त्याने म्हटलं असतं तर त्या दिवशी पुतण्या धावत कांदाचाळीमागे गेला असता. ग्रीस मारायचं तर तसंही शाफ्ट थांबवूनच मारतात. मग कव्हराची अडचण किती? पाच मिनिटांची.

पंच्याच्या प्रकारानंतर मिस्त्री बराच वेळ गप्प बसला होता. मग उठून त्याने स्वतःच पत्रा शोधून आणला, ठोकून सरळ केला आणि बसवला. त्याचे पैसे घेतले नाहीत. शाफ्टवरची प्लास्टिकची नळी मात्र आमच्या मापाची मिळेना, ती मागवली आहे. तोवर घरात ठरलंय की औषध मिसळताना शाफ्ट ओलांडायचा नाही, टाकीच्या मागून वळसा घालून जायचं, आणि मधे काही पडलं तर आधी इंजिन बंद.

परवा पुतण्याला घाई होती. झाकण मधे पडलं ते उचलायला तो इंजिन चालू ठेवूनच उतरला. सूनबाई काही बोलली नाही. ट्रॅक्टरपाशी गेली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि बादली भरायला निघून गेली.