मिठाला वाट साखरेची

मुलाला जुलाब लागले की घरात जलसंजीवनीचे पाकीट येते. त्यातली साखर चवीसाठी किंवा थकवा घालवण्यासाठी असते, असा अनेकांचा समज आहे. साखरेचे खरे काम वेगळे आहे आणि ते प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे.

लहान आतड्यातील पेशींचे आवरण स्निग्ध असते. पाकिटातली साखर म्हणजे ग्लुकोज; पाण्यात विरघळलेले ग्लुकोज या आवरणातून सहज शिरत नाही. त्यासाठी तिथे एक वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर मिठातल्या सोडियमचे दोन आयन आत घेते. पेशीच्या रक्ताकडील बाजूला दुसरे प्रथिन ऊर्जा खर्चून सोडियम सतत बाहेर काढते. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहते, आतड्यातले सोडियम आत येते आणि येताना ग्लुकोजलाही आणते. पुढे ग्लुकोज तिसऱ्या वाहकातून रक्तात उतरते. बरीचशी अमिनो आम्लेही सोडियमच्याच सोबतीने येतात. मात्र त्यांचे वाहक निराळे. या साऱ्यांमागोमाग पाणी शोषले जाते. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी सोडियम-ग्लुकोजच्या या जोडीची कल्पना १९६० मध्ये प्राग येथे मांडली.

कॉलऱ्याच्या विषाने आतड्यातून पाणी वाहू लागते, तरी ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजायला दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

मीठ आणि साखर अशी जोडीने शोषली जातात, म्हणूनच जलसंजीवनीत त्यांच्या प्रमाणाला महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. साखर त्याहून फार वाढली तर ती आतड्यात उरते, पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. शीतपेये व डब्यातले गोड रस यांना जलसंजीवनीची सर येत नाही, ती याच कारणाने. पाकिटावर सांगितले असेल तितक्याच पाण्यात संपूर्ण पाकीट विरघळवावे.

जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून घरची माणसे ती मध्येच बंद करतात. तिचे काम गेलेले पाणी भरून काढण्याचे आहे. आशाताईंनी आणि डॉक्टरांनी पाकीट देताना एवढे समजावून सांगितलेच पाहिजे. त्याला दोन मिनिटे लागतात, आणि त्यावर लेकरांचे प्राण अवलंबून असतात.