सपाट मुलखाचा चढ

सपाट मुलूख म्हटला की आपण सह्याद्रीच्या सावलीत वाढलेली माणसे नाक मुरडतो. ना घाट, ना वळण, ना दरीतून वर येणारे धुके! अशा मुलखातून जाताना आगगाडीची खिडकी लावून घ्यावी आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत एक झोप काढावी, हा आपला रिवाज. पण सपाट जमीन ही अबोल माणसासारखी असते. धावत्या गाडीतून चार शब्द टाकले तर ती उत्तर देत नाही. तिच्या कलाने, सायकलच्या चालीने गेले, म्हणजे मग ती बोलू लागते.

मागल्या मे महिन्यात मी आणि माझी मुलगी असे तीन दिवस सायकलवरून भटकलो. मुलगी जर्मनीत नोकरीला असते. त्या देशाच्या वायव्य कोपऱ्यात, हॉलंडच्या सरहद्दीला खेटून एम्सलँड नावाचा जिल्हा आहे. ३७१ किलोमीटर लांबीची एम्स नदी त्यातून उत्तरेला समुद्राकडे जाते. नदीच्या सोबतीला १८९९ साली खुला झालेला मोठा कालवा, त्याला मिळणारे लहान कालवे, आणि या सर्वांच्या पलीकडे ‘मोअर’, म्हणजे शेवाळाने भरलेला दलदलीचा माळ.

आमच्या सायकली ‘ग्रॅव्हल’ जातीच्या. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर चांगले दीड इंच रुंद आणि त्यांत हवा जरा कमी. त्यामुळे खडी, मुरूम, वाळू, कालव्याच्या बांधावरची वाट, काहीही तिला चालते. माझे वय अठ्ठावन्न. निघताना सौभाग्यवतींनी गुडघ्याचा पट्टा आणि अर्धा किलो चिवडा बांधून दिला होता. चढ नाही म्हणून मी मोठ्या खुशीत होतो. तासाभराने समोरून समुद्राचा वारा असा सुटला, की पायडल फिरेना. मुलगी मागून ओरडली, “बाबा, इथला चढ आडवा असतो!”

पहिला मुक्काम पापेनबुर्ग. १६३१ साली एका जमीनदाराने दलदलीत वसवलेले हे गाव. गाव कसले, कालवाच! पाण्याच्या दोन्ही काठांना घरांच्या रांगा आणि मधूनमधून छोटे पूल. कालवा खणायचा तो दलदलीतले पाणी काढण्यासाठी. पाणी उतरले की खालचे ‘पीट’, म्हणजे कुजून साठलेले शेवाळ, विटांसारखे कापायचे, वाळवायचे, होडीत भरायचे आणि शहरात सरपण म्हणून विकायचे. खाली उरलेल्या जमिनीत मग शेती. सारे काम फावड्याचे आणि गुडघाभर चिखलातले. तिकडे एक जुनी म्हण आहे: पहिल्याला मरण, दुसऱ्याला ओढग्रस्त, तिसऱ्याला भाकरी. हे ‘पहिला, दुसरा, तिसरा’ म्हणजे आजोबा, बाप आणि नातू. एवढ्या एका ओळीत त्या जिल्ह्याचा इतिहास आला.

दलदल जाळून त्या राखेत कुट्टू पेरण्याचीही तिकडे पूर्वी रीत होती. आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानात उपवासाला चालतो तोच हा कुट्टू. पण काही वर्षांत माळाचा कस संपे आणि माणसे पुन्हा उपाशी. आम्ही त्या कुट्टूचे जाडसर धिरडे खाल्ले. चवीला बरे होते. चिवड्याबरोबर अधिक बरे लागले.

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे वळलो. ‘किनारा-कालवा’ नावाचा सरळसोट कालवा, काठावर बारीक खडीची वाट, दुतर्फा भूर्जाची झाडे. पांढरे कापूसगवत वाऱ्यावर डोलत होते. इतक्या सुंदर वाटेने आम्ही गेलो ते एस्टरवेगेन येथे. १९३३ ते १९४५ या काळात एम्सलँडमध्ये नाझींच्या पंधरा छावण्या होत्या. त्यांतली ही एक. कैद्यांच्या हाती फावडी देऊन त्यांना दलदल उपसायला लावीत. जवळच्या ब्योर्गरमोअर छावणीत १९३३ च्या ऑगस्टमध्ये कैद्यांनी स्वतः रचलेले ‘मोअरच्या शिपायांचे’ गाणे प्रथम म्हटले. पुढे ते युरोपभर पसरले. पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की याच एस्टरवेगेनमध्ये राबला, खंगला. १९३५ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला १९३६ मध्ये जाहीर झाले, पण ते घ्यायला नॉर्वेला जाण्याची परवानगी मिळाली नाही. १९३८ मध्ये तो वारला. २०११ पासून तिथे स्मारक आहे. मुलगी एक एक पाटी वाचून मला सांगत होती. मधेच ती थांबली, आणि मीही “पुढे काय?” म्हणून विचारले नाही. परतताना चाकांखाली खडी करकरत होती. ही जमीन कोणाकोणाच्या हातांनी कोरडी झाली, हे कळल्यावर तो आवाज काही निराळाच ऐकू येऊ लागला.

तिसऱ्या दिवशी नदी ओलांडून पश्चिमेला आलो. सरहद्दीलगतच्या कालव्याने दक्षिणेकडे गेले की ग्रोस हेसेपे येथे दलदलीचे संग्रहालय लागते. तिथे एक नांगर ठेवला आहे. नांगर म्हणजे घराएवढे धूड! १९५० साली पश्चिम जर्मनीच्या संसदेने हा मागासलेला जिल्हा सुधारण्याची योजना मंजूर केली. तेव्हा वाफेच्या इंजिनांनी दोरखंड लावून असले नांगर ओढले आणि दोन मीटरांच्याही खालची वाळू वर आणून पीटमध्ये मिसळली. पूर्वेकडून आलेल्या अनेक निर्वासितांना अशी शेते मिळाली.

अंगणातल्या बाकावर एक वृद्ध शेतकरी आपली सायकल टेकवून बसला होता. मुलीने दुभाष्याचे काम केले. त्याचे वडील युद्धानंतर हात हलवीत इथे आले होते. आता शेतावर नातू आहे, मका लावतो. म्हातारा म्हणाला, “माझ्या वडिलांना सरकारने पाणी बाहेर काढायला पैसे दिले. आता नातवाला ते आत घ्यायला पैसे देऊ म्हणतात. दोन्ही सरकारे शहाणी असतील. पण आमच्या म्हणीत चौथ्याला काय मिळायचे, ते सांगितलेले नाही.”

त्याच्या बोलण्यामागचे शास्त्र असे. पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. म्हणजे मीटरभर थर साठायला हजार वर्षे! पाण्याखाली ते कुजत नाही आणि त्यातला कार्बन बंदिस्त राहतो. पृथ्वीवरच्या जमिनीच्या अवघ्या ३ टक्क्यांवर असल्या दलदली आहेत, पण जगातल्या सर्व जंगलांत मिळून आहे त्याहून अधिक कार्बन त्यांत साठलेला आहे. पाणी काढले की हवा लागते, आणि हजारो वर्षांची ठेव धूर होऊन उडू लागते. जर्मनीतून हवेत जाणाऱ्या तापवायूंपैकी सुमारे ७ टक्के अशा सुकवलेल्या जमिनींतून जातात. म्हणून आता काही ठिकाणी चर बुजवून पाणी पुन्हा अडवतात.

शास्त्र पटते. पण तीन पिढ्यांनी मिळवलेली भाकरी परत मागायची, तर ती नुसत्या त्या नातवाच्याच ताटातून का? दिवा सगळ्या जगाने लावायचा आणि तेल एकाच घरातून काढायचे, हा न्याय नव्हे.

आणि आपण तरी कुठे वेगळे आहोत? कुंड्यांसाठी युरोपात अजून पीट उपसतात. आपल्याकडे गॅलरीतल्या तुळशीला आणि गुलाबाला आपण ‘कोकोपीट’ घालतो, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याच्या नावात तेवढी ती दलदल उरली आहे. या दिवाळीत कुंडीत नवी माती भरताना पिशवीवर काय लिहिले आहे ते जरूर वाचा. नुसते ‘पीट’ असेल तर पिशवी दुकानदाराला परत करा. नारळाचे असेल तर खुशाल वापरा. चौथ्या पिढीच्या नावाने एवढी मूठभर माती तरी आपल्याला राखता येईल.