'हेडीज' खेळांतील युद्ध व त्याविषयींचीं मतें

आमच्या वरच्या वर्गांतील मुलें मधल्या सुट्टींत हल्लीं ज्या विषयावरून हमरीतुमरीवर येतात, तो क्रिकेट नसून संगणकावरील एक खेळ आहे, हें पालकांस कदाचित् ठाऊक नसेल. खेळाचें नांव 'हेडीज'. वाद असा कीं, त्यांतील 'गॉड मोड' ही सोय चालू करून जो जिंकला, तो खरोखर जिंकला असें म्हणावें काय? हा वाद आमच्याच अंगणांतला नव्हे. देशोदेशींचे खेळाडू तो घालीत आले आहेत. आम्हांस त्यांतील एका पक्षाचें म्हणणें मुळींच पटत नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथील 'सुपरजायंट गेम्स' ह्या लहानशा मंडळीनें हा खेळ रचिला व स्वतःच प्रसिद्ध केला. बड्या कंपनीच्या आश्रयावांचून निघालेल्या अशा खेळांस 'इंडी' म्हणतात. नायक झॅग्रियस हा ग्रीक पुराणांतील पाताळाच्या राजाचा पुत्र. तो आईच्या शोधार्थ बापाच्या राज्यांतून निसटूं पाहतो. (ह्या देवदेवतांवर कोणी विश्वास ठेवावा असा खेळाचा आग्रह नाहीं, होमर वाचतांना आपण जी वृत्ति ठेवितों तीच येथें पुरे.) तरवार, भाला, ढाल, धनुष्य, लोखंडी मुष्टि व एक बंदुकीसारखें अस्त्र अशीं सहा आयुधें; त्यांपैकीं एक घेऊन दालनामागून दालन लढत जावयाचें. वाटेंत देव वर देतात. झ्यूसची वीज एका शत्रूवरून दुसऱ्यावर उडी घेते, पोसायडनची लाट शत्रूस भिंतीवर आपटते, अथीनाचें वरदान बाण उलट फिरवितें. कोणता वर केव्हां लाभेल ह्याचा नेम नसतो, म्हणून प्रत्येक वेळीं युद्धाची रीत निराळी ठरते.

आणि नायक मरतो. पुनःपुनः मरतो. मेला कीं पाताळांतील नदीच्या वाटेनें बापाच्याच महालांत परत येतो. तेथें निद्रेचा देव हिप्नॉस हातांत यादी घेऊन उभा. तो कोणाच्या हातून मेलास तें वाचून दाखवितो व वर एखादी शेलकी सूचनाही करितो. आम्हां शिक्षकांस हें पात्र फार ओळखीचें वाटलें! परंतु त्याच महालांत इतर पात्रांचें बोलणें पुढें सरकतें, नवी हकीकत कळते, आणि मिळविलेलें द्रव्य एका आरशास अर्पण करून नायकाचें बळ कायमचें वाढवितां येतें. हार झाली तरी कथा अडत नाहीं. आमच्या मतें ह्या खेळाच्या यशाचें मर्म येथें आहे.

यश तरी केवढें! डिसेंबर २०१८ मध्यें तो अपुरा असतांनाच विकावयास काढिला. घेणारांनीं खेळून मतें कळवावीं व कर्त्यांनीं सुधारणा करावी, असें पावणेदोन वर्षें चाललें. १७ सप्टेंबर २०२० रोजीं तो पूर्ण झाला, आणि त्याच महिन्यांत दहा लक्ष प्रतींचा विक्रय झाल्याचें कर्त्यांनीं जाहीर केलें. त्यांतील सुमारें सात लक्ष प्रती अपुऱ्या अवस्थेंतच खपल्या होत्या. २०२१ सालीं त्यास ब्रिटनचें बाफ्टा पारितोषिक उत्कृष्ट खेळ म्हणून मिळालें. ह्यूगो हें मुख्यतः पुस्तकांस मिळणारें पारितोषिकही त्याच सालीं लाभलें.

तथापि सर्वच खेळाडू संतुष्ट आहेत असें नाहीं. कित्येक म्हणतात, चपळाईनें बाजूस सरकणें व बटण बडवीत राहणें एवढ्यावर बराच पल्ला मारतां येतो; प्रकाशाचा इतका लखलखाट होतो कीं, आपला नायक कोठें आहे हेंच कळेनासें होतें; आणि तींच चार क्षेत्रें फिरून फिरून येतात. ह्यांत तथ्य आहे. कथेचा पूर्ण शेवट पाहावयास दहा वेळां जिंकावें लागतें, हें आम्हांसही अंमळ जास्तच वाटतें.

खरा वाद गॉड मोडचा. (हें नांव आम्हांस रुचत नाहीं, पण तें असो.) ही सोय घेतली कीं नायकास लागणारा मार प्रथम शेंकडा २० नें कमी होतो, व पुढें प्रत्येक मृत्यूगणिक शेंकडा २ नें अधिक कमी होत शेंकडा ८० वर थांबतो. म्हणजे साह्य एकदम ओतलें जात नाहीं. जो वारंवार पडून पुनः उठतो त्यालाच तें वाढत्या मापानें मिळतें. कथेंत कांहीं उणें पडत नाहीं. उलट ज्यास आपल्या हाताचा अभिमान आहे, त्यास एकदां जिंकल्यावर आपणहून अटी लादून घेऊन युद्ध कठीण करण्याचीही मोकळीक ठेविली आहे. मग दुसऱ्यानें शेंकडा ३० साह्य घेतलें तर ह्याचें काय गेलें?

आमच्या वर्गांतील एक हुशार मुलगा म्हणाला, "सर, कष्टानें मिळविलें त्याची किंमत मग काय राहिली?" प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु ज्याची बोटें मंद चालतात, ज्याची दृष्टि अधू आहे, तो त्याच दालनांत वीस वेळां पडतो. त्याचे कष्ट कोणत्या तराजूंत घालावे? जुलैच्या पुरवणी परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या सोबत्यास "तुझें पास होणें तें काय" असें हिणविणारीं मुलें आम्हीं ह्याच शाळेंत पाहिलीं आहेत. आणि खेदाची गोष्ट ही कीं, तें वाक्य पुष्कळदां तीं घरून ऐकून आलेलीं असतात.

पालकांस दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगावयाच्या. अमेरिकेंत हा खेळ तेरा वर्षें व त्यावरील मुलांसाठीं म्हणून नोंदलेला आहे, तेव्हां पांचवी-सहावीच्या मुलांच्या हातीं तो देऊं नये. दुसरें, एक खेप अर्ध्या तासाच्या आसपास चालते. मध्येंच हांक मारण्यापेक्षां "ही खेप झाली कीं ऊठ" असें सांगितल्यास भांडण टळतें. ह्या खेळाचा दुसरा भाग २५ सप्टेंबर २०२५ रोजीं पूर्ण होऊन बाहेर आला आहे. त्यांतही कर्त्यांनीं ती सोय काढून टाकिली नाहीं.