विंधण विहिरीचे नळ : आधीं पारख, मग करार

विंधण विहिरीचा करार करतांना आपले शेतकरी बंधु फुटाचा दर काय, एवढेंच विचारतात. ज्या पोलादी नळांनीं ती विहीर खोदावयाची, ज्यांस कारागीर रॉड म्हणतात, त्यांकडे कोणी पाहात नाहीं. आमच्या मतें खर्चाचें सार्थक दरापेक्षां या नळांवरच अधिक अवलंबून असतें.

चिखलदऱ्याचें पठार सुमारें ११०० मीटर उंचीवर असून काळ्या पाषाणाच्या थरांचें बनलेलें आहे. कठीण खडकाच्या मधूनमधून ठिसूळ दगड किंवा तांबड्या मातीचा थर लागतो. अशा जमिनींत दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या हातोड्यानें विंधण करतात. ती हवा नळाच्या पोकळींतून खालीं जाते, हातोडा चालविते आणि दगडाचा भुगा घेऊन नळाबाहेरील मोकळ्या जागेंतून वर येते.

म्हणून नळाचा व्यास महत्त्वाचा. छिद्र साडेसहा इंचांचें, नळ साडेचार इंची व हवा मिनिटास ४५० घनफूट असेल, तर ढोबळ हिशेबानें ती मिनिटास ३७५० फूट वेगानें वर येते. नळ साडेतीन इंची घेतल्यास हाच वेग २७५० फुटांवर उतरतो. निदान ३००० फूट वेग असावा, असा या धंद्यांतील सामान्य संकेत आहे. वेग कमी पडला कीं भुगा तळाशीं सांचतो व हातोडा अडकून बसतो.

पारख अवघड नाहीं. नळ दोन ठोकळ्यांवर ठेवून फिरवावा. मधला भाग वरखालीं हलला तर तो वांकडा समजावा. वांकड्या नळानें छिद्र वांकडें जाण्याचा व पुढें पंप न उतरण्याचा धोका असतो. आटे झिजून धारदार झाले असतील किंवा सांध्याजवळ चीर असेल, तर तो नळ बाजूस काढावा. तो खालीं तुटला तर हातोडाही जमिनींत राहण्याची भीति असते. बाहेरची झीज कॅलिपरनें मोजावी. तेलविहिरींच्या धंद्यांत वापरलेल्या नळाच्या भिंतीची निदान ८० टक्के जाडी शिल्लक असेल, तरच तो वरच्या प्रतीचा मानून त्यावर दोन पांढरे पट्टे ओढतात.

२००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानें शेतीकरितां ६० मीटर वा अधिक खोल विंधण विहिरीस मनाई केली आहे. वीस फुटी दहा नळ उतरले कीं ही मर्यादा येते. एवढ्याच खोलींत जें पाणी मिळेल तें मिळवावयाचें, तेव्हां बिघडलेलें छिद्र कोणासच परवडणार नाहीं.

इतकी चौकशी केल्यास यंत्रवाला दुसरीकडे जाईल, असें कोणी म्हणेल. एकट्या शेतकऱ्यापुरतें तें खरें आहे. परंतु एका गांवच्या आठ-दहा जणांनीं उन्हाळ्याच्या घाईपूर्वीं एकत्र करार केला, तर त्यांस अटी घालतां येतील. नळांचा व्यास लिहून घ्यावा, काम सुरू होण्यापूर्वीं नळ दाखवावेत, आणि नळ तुटून सोडलेल्या छिद्राचे पैसे देऊं नयेत, एवढ्या तीन अटी पुरेत. बैल घेतांना आपण दांत पाहतों. येथें तर रक्कम बहुधा त्याहून मोठी असते.