हिशेब उघडा, सभासदाची माहिती बंद



पूर्वी ऊसनोंदीचं रजिस्टर शेतकी खात्याच्या कपाटात असे. आज तीच नोंद कॉम्प्युटरवर, मोबाईलवर आली. गटनंबर, टनेज, सोसायटीचं कर्ज, बँकेचं खातं, आधारचे 12 आकडे; घरची सगळी कुंडली एका ठिकाणी! काम सोपं झालं, हे आम्हीही मानतो. पण एकच पासवर्ड साऱ्या गट ऑफिसात फिरत असेल, तर कपाट उघडंच म्हणायचं.

कुणाचं बिल कधी जमा होणार, हे भलत्याला कळलं की फोनवरच्या ठगांचं फावतं. लागणीची तारीख कुणी गुपचूप बदलली, तर तोडीची पाळी बदलते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती सांभाळण्याची जबाबदारी संस्थेवरच टाकली आहे. तेव्हा ज्याचं काम त्यालाच नोंद दिसावी, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असावा, कुणी कधी काय बदललं ते टिपलं जावं आणि आधारची प्रत शेवटचे 4 आकडेच दिसणारी घ्यावी.

मात्र गोपनीयतेच्या नावाखाली हिशेब झाकता कामा नये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 प्रमाणे संस्थेचा ताळेबंद आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा सभासदाला हक्क आहे.

कारखान्याचा हिशेब सर्वांचा. सभासदाच्या घरची माहिती ज्याची त्याची. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे.