सूत्र आधी की आलेख?

एथिल अल्कोहोलचे रचनासूत्र तुम्ही घोकता. पण ते खरे कशावरून, असे गुरुजींना कधी विचारलेत? विचाराच. १९५१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी हे अल्कोहोल प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर रेडिओलहरी सोडल्या. आलेखावर तीन शिखरे उमटली, क्षेत्रफळे ३:२:१. म्हणजे हायड्रोजनचे सहा अणू तीन निरनिराळ्या शेजारांत! डायमिथिल ईथरमध्ये अणू अगदी तेवढेच, तरी शिखर एकच. (धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.)

शिक्षकांनी माझ्या मते आलेख आधी दाखवावा, सूत्र मुलांनाच मांडू द्यावे. यंत्र शाळेला परवडणारे नाही, हे मान्य. पण तीन शिखरे खडूनेही काढता येतात.