‘एस’, पण कुठे?

न्यूरो आयसीयूत कल्चरचा रिपोर्ट येतो. वर नमुना लिहिलेला असतो: सीएसएफ, म्हणजे मेंदूभोवतीचे पाणी. खाली जंतूचे नाव, आणि मेरोपेनेम या अँटिबायोटिकसमोर एक अक्षर: ‘एस’. औषध लागू आहे, असे नातेवाइकांना सांगितले जाते. कोणीतरी चिठ्ठी घेऊन खालच्या मेडिकलमध्ये धावतो. पाच दिवसांनीही ताप तसाच असतो, आणि मग आणखी भारी औषधाचा विचार सुरू होतो.

लागू आहे, पण कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही. ‘एस’ ठरवताना गृहीत धरलेली असते ती नेहमीच्या मात्रेने रक्तात मिळणारी औषधाची पातळी. मेंदूभोवतीच्या पाण्यात त्या पातळीचा लहानसा हिस्सा उतरतो. मेनिंजायटिसला मेरोपेनेम एका ग्रॅमऐवजी दोन ग्रॅम, दर आठ तासांनी, द्यायचे ते याचसाठी. रिपोर्टवरच्या अक्षरातून यातले काहीच कळत नाही.

जाणकारांना हे ठाऊक नाही असे नाही. न्यूमोकोकस या जंतूसाठी, असे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सीएलएसआयने २००८ पासून आपल्या कोष्टकात शिरेतून द्यायच्या पेनिसिलीनच्या दोन वेगळ्या ओळी केल्या आहेत. एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारी औषधाची किमान पातळी, १ आली, तर शिरेतून पेनिसिलीन घेणाऱ्या न्यूमोनियाच्या रुग्णात तो जंतू ‘एस’, आणि मेनिंजायटिसमध्ये तोच ‘आर’, म्हणजे औषधाला न जुमानणारा. जंतू तोच, औषध तेच, फक्त जागा वेगळी. पण आपल्या आयसीयूंना छळतात ते क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर. त्यांच्या बाबतीत मेरोपेनेमला सीएलएसआयच्या कोष्टकात एकच ओळ आहे. जंतू लघवीतून आला काय किंवा डोक्यातल्या ड्रेनमधून आला काय, निकाल एकच. असेच निकष ठरवणाऱ्या युरोपच्या युकास्टने मेरोपेनेमला मेनिंजायटिससाठी वेगळी ओळ छापली आहे. पण आपल्या बहुतेक प्रयोगशाळा चालतात त्या अमेरिकी कोष्टकावर.

त्यात रुग्ण कोण, हेही पाहा. बाइकवरून पडलेला, डोक्याला मार लागलेला पंचविशीतला मुलगा. क्रिएटिनिन उत्तम, म्हणून सगळे निश्चिंत. अशा रुग्णांची मूत्रपिंडे अनेकदा नेहमीपेक्षा जोरात काम करतात आणि मेरोपेनेम भराभर लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तातच पातळी टिकत नाही, तिथे मेंदूला काय मिळणार? शिवाय मेंदूच्या आवरणाला सूज असेपर्यंत औषधाला आत शिरायला वाट मिळते. सूज उतरली की ती वाट आक्रसते. म्हणजे रुग्ण सुधारू लागला म्हणून मात्रा कमी करणे, हा नेमका उलटा शहाणपणा. रक्तातली मेरोपेनेमची पातळी मोजणे हा खरा उपाय आहे, पण ती सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. सीएसएफमधल्या पातळीचे तर नावच नको.

छापलेले अक्षर बदलता येत नाही, असेही नाही. कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा ‘एस’ सीएलएसआयने २०२० मध्ये काढूनच टाकला. आता त्याला मिळाला तर ‘आय’, म्हणजे मधला निकाल, नाहीतर ‘आर’.

मेरोपेनेमसाठी इतके मोठे पाऊल उचलायची गरजही नाही. नमुना सीएसएफचा असेल, तर अक्षराशेजारी एमआयसीचा आकडा छापावा, आणि खाली एक ओळ: हा निकाल रक्तातल्या पातळीवर बेतलेला आहे. आकडा बहुतेक वेळा यंत्राने काढलेलाच असतो. तो डॉक्टरांपर्यंत न पोचण्याचे कारण प्रयोगशाळांनी एकदा सांगावे.